डॉक्टरांनी लटकायला सांगितलंय

बाई,

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आम्ही मंद्रूपच्या एका शाळेत मुलांच्या पाठी तपासायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि मी जिथं शिकवते त्या फिजिओथेरपी कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या पाच मुली. वर्गाच्या दाराच्या चौकटीला वरून ओळंबा सोडायचा, मुलाला अनवाणी त्याच्या शेजारी एका कुशीनं उभं करायचं आणि कान, खांदा, कंबर, गुडघा त्या दोरीच्या रेषेत येतात का ते बघायचं. मग पाठमोरं उभं करून खांदे बघायचे, दोन्ही हात जोडून खाली वाकायला सांगायचं आणि मागून पाठ बघायची. शेवटी एका लाकडी खोक्याला तळपाय टेकवून, पाय सरळ ठेवून बसवायचं आणि बोटं किती पुढं पोचतात ते लिहून घ्यायचं. याला अख्खा दिवस लागतो. मुलं हसतात, एकमेकांच्या पायांचा वास येतो म्हणून नाकं धरतात. सहावीतल्या एकाची बोटं गुडघ्यांच्या जरा पुढं जाऊन थांबली तेव्हा त्याचे वर्गशिक्षक म्हणाले, "आळशी हाय ते, म्याडम." मी म्हटलं, सर, मांडीमागचे स्नायू आखडलेत त्याचे, रोज थोडं ताणायला लावा, सुटतील. ते मान हलवून गेले. त्यांना पटलं की नाही माहीत नाही.

हे तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे हे मी पहिल्यांदा शाळेत तुमच्याकडे बघितलं. तुमच्याकडचा ओळंबा शाळेची मागची भिंत बांधायला आलेल्या गवंड्याकडून मागून घेतलेला होता. सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या शनिवारी तुम्ही आम्हा मुलींना भिंतीकडे तोंड करून रांगेत वाकायला लावायचात आणि मागून, एक डोळा मिटून, भिंत सरळ आली का बघावं तशा एकेक पाठ बघत जायचात. पांढरे कॅनव्हासचे बूट, कमरेला घट्ट खोचलेला सुती पदर आणि गळ्यात शिट्टी. वर्गात तुम्ही पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचात, पण मैदानावर आलात की मंगळवेढ्याकडची तुमची बोली सुटायची. "कुटं बगतीस? खाली बग की. आणि वाक." सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातल्या अर्ध्या मुली घरी तेलुगू बोलणाऱ्या. आम्ही तुमची नक्कल करायचो आणि त्या नकलेतूनच मराठी शिकलो.

मी सातवीत असताना तुम्ही माझ्यामागं थांबलात आणि पुढं गेला नाहीत. हातातल्या खडूनं तुम्ही माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर मानेपासून कमरेपर्यंत मणक्यांवर एकेक ठिपका दिला. मला गुदगुल्या होत होत्या. मग म्हणालात, "उबी ऱ्हा." तेवढंच. रांगेतल्या बाकीच्या मुली गेल्यावर तुम्ही मला ते ठिपके न पुसता तसंच घरी जायला आणि आईला दाखवायला सांगितलं. मी वाटेतच ते झटकून टाकले. माझी पाठ सगळ्यांपेक्षा वेगळी आहे एवढं मला कळलं होतं आणि ते खडूनं लिहून घरी न्यायची मला लाज वाटली.

म्हणून तुम्ही स्वतः आलात. आमची खोली एका लांबलचक चाळीतली. समोर यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळं घरात बोलायचं म्हणजे मोठ्यानंच. अप्पा तिथंच मागावर होते. अम्मा उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, दिवसभर बसायची तशीच, मान आणि पाठ पुढं गोल झालेली. तुम्ही तिच्यासमोर खाली बसलात आणि माझ्या पाठीच्या कण्याला बाक आहे, उजवीकडची फासळी वर येतेय, हिला आत्ताच सिव्हिलला दाखवा, पोर वाढायच्या वयात आहे, असं सांगितलंत. अम्माचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "आमचा पोरीला काय झाला नाही, बाई. वद्दु, वद्दु, नको. कोणाला सांगू नका. उद्या लगीन कसा होणार तिचा?" तुम्ही म्हणालात, "अवो, लग्नासाठीच म्हणते मी." मला आठवतंय, शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तुम्ही आवाज एकदम खाली आणलात आणि यंत्रमागाच्या आवाजात अम्माला तुमचं काही ऐकू जाईना. शेवटी सोमवारी नेते असं ती म्हणाली, तेही तुम्ही उठावं म्हणून.

तो सोमवार गेला, पुढचाही गेला. मग एका सकाळी वेणी घालताना अम्मा म्हणाली की बाईनं विचारलं तर जाऊन आलो म्हण. तिनं एवढंच सांगितलं होतं. पुढचं सगळं माझं आहे, आणि ते तिच्या नावावर राहू नये असं मला वाटतं.

मधल्या सुट्टीत तुम्ही विचारलंत, "जाऊन आला?" मी म्हटलं, हो. "काय म्हणले डॉक्टर?" याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. तुमच्या खांद्यावरून मागं मैदानातला सिंगल बार दिसत होता. त्यावर फक्त दहावीच्या मुली लटकायच्या आणि मला तिथं जायचं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी लटकायला सांगितलंय." "रोज?" "रोज. वीस मोजेपर्यंत." "केसपेपर कुटं हाय?" "घरी." तुम्ही पुन्हा कधी केसपेपर मागितला नाहीत. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शाळा भरायच्या अर्धा तास आधी येऊ लागलात. तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचात, सिटीबस पकडून यायचात, म्हणजे घरातलं सगळं किती वाजता उरकत असाल याचा हिशेब मी लग्न झाल्यावर पहिल्यांदा केला. माझा हात बारला पुरायचा नाही. तुम्ही माझे गुडघे दोन्ही हातांनी कवळून मला वर उचलायचात, मी बार धरला की सोडायचात आणि समोर उभं राहून मोजायचात. तळहात जळायचे. वीस झाले की पुन्हा धरून खाली. असं तीनदा. मग पायरीवर बसून तुमच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवायचात आणि आपण दोघी काही न बोलता खायचो. आमच्या घरी पाच भावंडं. कुणी फक्त माझ्यासाठी काही करतंय हे मला ठाऊक नव्हतं. मी खोटं बोलले ते अम्मानं सांगितलं म्हणून, पण ते खोटं दोन वर्षं चालवलं ते त्या अर्ध्या तासासाठी.

एकदा थंडीत मी सलग तीन दिवस उशिरा आले. चौथ्या दिवशी तुम्ही बारला टेकून उभ्या होतात. "डॉक्टरानं सांगितलंय आन तू झोपतीस? मी हितं यीऊन उबी ऱ्हाते ती कशापायी? माजी पाट वाकडी हाय का?" मी रडायला लागले. तुम्हाला वाटलं रागावल्यामुळं रडतेय. तुम्ही पदरानं माझं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "बरं बरं. चल. दोनदाच लटक आज." त्या क्षणी सांगता आलं असतं. तुम्ही मला त्याच पावली रिक्षात घालून सिव्हिलला नेलं असतं, अम्माशी भांडला असतात, एक्स-रे काढून घेतला असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी बार धरला.

लटकून कण्याचा बाक जात नाही, बाई. ताण बसतो, खांदे मोकळे होतात, बरं वाटतं. बाक तसाच राहतो आणि अंग वाढतं तसा वाढतो. त्या वयात कळलं तर कमरेपासून काखेपर्यंत घट्ट पट्टा देतात, तो वर्ष-दोन वर्षं दिवसभर वापरला तर बरेचदा बाक जागीच थांबतो. हे मी तुम्हाला शिकवत नाही. तुम्ही डॉक्टरच्या शब्दावर विश्वास ठेवलात, आणि डॉक्टर मी होते.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्ही एकमेकींना तपासायचो. माझी जोडीदार माझ्यामागं उभी राहिली आणि तिनं सरांना हाक मारली. एक्स-रे काढला. सरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, मणक्यांवरून पेननं रेषा मारल्या, आणि म्हणाले, आता वाढ संपली आहे, पट्ट्याचा उपयोग नाही, ऑपरेशन करण्याइतकं नाही, जपून राहा. मग त्यांनी सहज विचारलं, "लहानपणी कुणाच्या लक्षात नाही आलं? शाळेत वगैरे?" मी म्हटलं, "नाही, सर." ते म्हणाले, आपल्याकडे शाळांतून कोण बघतं. वर्गातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

नंतर पास झाल्यावर मी पेढे घेऊन एसटीनं मंगळवेढ्याला आले, ते तुम्हाला खरं सांगायलाच. तुम्ही निवृत्त होऊन पुतण्याकडे राहत होतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं तरी नीट दिसत नव्हतं. मी नाव सांगितल्यावरही तुम्ही माझ्या डावीकडं बघत होतात. तुम्ही स्वतः वाकला होतात. मी नुसतं नमस्कार म्हटलं आणि तुम्ही विचारलंत, "पाट कशी हाय गं?" एसटीत मी पहिलं वाक्य ठरवून आले होते. तुमची सूनबाई, पुतण्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "सरळ झाली, बाई."

तुम्ही मांडीवर हात मारलात. "बगितलंस का?" सूनबाईला म्हणालात, "रोज वीस मोजून लटकावली हिला. डॉक्टर सांगून मोकळा झाला, पर करून कुणी घेतलं? आता पोरगी सोता डॉक्टर झालीया." मग मला म्हणालात, "उटून दाव की हिला." मी उठले. ओढणी दोन्ही खांद्यांवरून पसरून घेतली आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिले. सूनबाई बघत होती. तिला वर आलेला खांदा दिसला असावा, कारण ती पटकन चहा ठेवायला आत गेली. तुम्ही मात्र हसत होतात. जाताना तुम्ही शेतातल्या ज्वारीची पिशवी माझ्या हातात दिलीत, ती जड होती आणि एसटी स्टँडवर मी ती डाव्या खांद्यावर घेतली, उजव्यावर घेता येत नाही म्हणून.

आता मंद्रूपचं. सातवीतली एक मुलगी. दोन्ही वेण्या पुढं घेऊन, दप्तर काढायला तयार नसलेली. अशा मुली मला लांबून कळतात. ती वाकली आणि उजवीकडची फासळी वर आली. तिच्या कागदावर मी काहीही न लिहिता पुढच्या मुलीला बोलावलं, आणि सगळं झाल्यावर मुख्याध्यापकांना सांगून तिच्या आईला निरोप धाडला. आई शेतातून तशीच आली, डोक्याला टॉवेल बांधलेला. मी नेहमीचं सांगितलं. तिनं दाराकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "शाळंत कुणाला सांगू नगा, म्याडम. पोरीची जात हाय. लई बोलत्यात लोकं." मी म्हटलं, सांगणार नाही, पण दवाखान्यात न्या. "व्हय व्हय, नेतो की," ती म्हणाली. तो व्हय फार लवकर आला होता.

दोन आठवड्यांनी आम्ही ताणायचे व्यायाम शिकवायला पुन्हा गेलो. ती मुलगी स्वतःहून माझ्यापाशी आली. "म्याडम, आमी जाऊन आलो." मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? ती म्हणाली, "दप्तर हलकं करा म्हणले." आणि माझ्याकडं बघत राहिली, माझा विश्वास बसला का ते. मी विचारलं, "एक्स-रे काढताना तुला उभं केलं का झोपवलं?" तिनं वेणीचं टोक तोंडात घातलं. मी तिला रागावले नाही. तिच्या डोळ्यांत मला कसलीही लबाडी दिसली नाही, नुसती घाई दिसली, हे लवकर संपावं म्हणून.

विद्यार्थिनींना गाडीत बसवून मी तिच्यासोबत तिच्या घरी गेले. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मला बघून तिनं मुलीकडं बघितलं आणि समजली. म्हणाली, "म्याडम, तुमी शिकलेली मान्सं. तुमाला कळायचं न्हाय." मी दार लोटलं, तिच्याकडं पाठ केली आणि ब्लाउज सोडून खाली घेतला. हे मी ठरवून गेले नव्हते. कॉलेजातली ती तपासणी सोडली तर माझी पाठ माझ्या नवऱ्यानं आणि चार डॉक्टरांनी बघितली आहे, बाकी कुणी नाही. वर्गात शिकवतानाही मी चित्र वापरते. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. मग पिठाचा हात माझ्या मानेखाली टेकला आणि कण्यावरून हळूहळू वळत खाली आला.

"दुकतंय?" तिनं विचारलं.

"दुखतं. फार वेळ उभं राहिलं की."

"लगीन झालंय न्हवं तुमचं?"

"झालंय. एक मुलगी आहे."

"मग कशाला दावता असं?" ती चिडून म्हणाली. मग मुलीकडं बघून, "हिचं बी एवढं व्हईल?"

मी म्हटलं, सांगता येत नाही. वाढेल, नाहीतर आहे तिथंच थांबेल. आत्ता बघितलं तर काही करता येईल, दोन वर्षांनी येणार नाही. माझ्या वेळी एका बाईंनी बघितलं होतं आणि आम्ही गेलो नाही. मुलगी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडं बघून म्हटलं, "मी त्यांना जाऊन आलो म्हणून सांगितलं." आईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "उंद्या किती वाजता?"

सकाळच्या एसटीनं त्या दोघी सोलापूरला आल्या. मी स्टँडवर उभी होते. एक्स-रेच्या खोलीपर्यंत गेले, केसपेपर माझ्या हातात धरला आणि डॉक्टर बोलले ते प्रत्येक वाक्य तिच्या आईकडून परत म्हणवून घेतलं. मुलीला पट्टा मिळाला आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो घालणं म्हणजे शिक्षा आहे. ती दुपारी काढते, आई ओरडते, मग मला फोन येतो. एकदा ती मला फोनवर म्हणाली, "म्याडम, तुमी घालून बगा की." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. मागच्या महिन्यातल्या एक्स-रेमध्ये बाक वाढलेला नाही. पुढं काय होईल ते अजून माहीत नाही, तिची उंची वाढतेच आहे. शाळेत कळलंच सगळ्यांना. दोघीतिघींनी पट्ट्यावर हात मारून वाजवून बघितला, आठवडाभर ते चाललं, मग थांबलं.

हे तुम्हाला कळवावं असं वाटलं म्हणून लिहायला बसले. इतकं लिहिल्यावर हे कुठं पाठवायचं नाही हेही बरंच वाटतंय. तुमच्या पुतण्याचा पत्ता आहे माझ्याकडं, पण त्यांच्या घरात हे कुणी मोठ्यानं वाचावं असं मला वाटत नाही. तुमच्या सूनबाईंना तर यातलं निम्मं ठाऊकच असेल.

एकच राहिलं. तुम्ही गेल्याचं मला तुमच्या सूनबाईंनीच फोन करून सांगितलं. दुपारची वेळ होती, मी नवी पेठेत मुलीसाठी शाळेचे मोजे घेत होते आणि दुकानात गर्दी होती. त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी बाई तुमचं नाव काढायच्या." मी "अरेरे" म्हटलं, कधी झालं विचारलं, दहाव्याला येते म्हटलं. फोन ठेवला आणि पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती ही, की आता सांगावं लागणार नाही. मला हायसं वाटलं, बाई. इतकं, की दुकानदारानं दाखवलेले पहिलेच मोजे मी भाव न करता घेतले, आणि दहाव्याला मी आले नाही.